पेढ्यांच्या दुकानावरची खुर्ची

मित्रांनो, तुम्ही खुर्च्या पुष्कळ पाहिल्या असतील. शाळेत मास्तरांची, कचेरीत साहेबांची, लग्नात व्याह्यांसाठी मांडलेली. त्यांच्यावर बसायला माणसं धडपडतात. माझ्यावर बसायला मात्र कुणी कधी धडपडलं नाही. मी दातांच्या डॉक्टरांची जुनी खुर्ची आहे. माझं अंग लोखंडाचं, हात शिसवी लाकडाचे, पाठीला तांबडं चामडं. खाली एक दांडी आहे. ती पायाने दाबली की बसलेल्या माणसासकट मी वर उचलली जाते. आता चामडं फाटलंय, दांडी कुरकुरते, आणि खोलीच्या मध्यभागी नवी खुर्ची आल्यापासून मी भिंतीशी उभी आहे.

माझा जन्म परदेशातला. पण त्या दिवसांचं मला फारसं आठवत नाही. मुंबईत एका वृद्ध पारशी डॉक्टरांनी मला बरीच वर्षं वापरलं. त्यांचे हात थरथरायला लागले तेव्हा त्यांनी दवाखाना बंद केला आणि हाताखाली शिकलेल्या एका तरुणाला मला देऊन टाकलं. त्याचं नाव पद्मनाभ. तो हुबळीचा.

आगगाडीने मी पद्मनाभबरोबर हुबळीला आले आणि स्टेशनापासून बैलगाडीने दुर्गदबैलाच्या बाजारपेठेत शिरले. दोन्ही बाजूंना कापडाची, धान्याची, लोखंडी सामानाची दुकानं, मधून हातगाड्या. माझ्याकडे पाहून कुणी विचारलं, "नाटक कंपनीचं सिंहासन आलं काय?" कुणी म्हणालं, "न्हाव्याची असंल." गाडी थांबली ती पेढ्यांच्या एका दुकानापुढे. भट्टीवर भली मोठी कढई, कढईत तांबूस होत आलेला खवा, आणि कढईमागे कपाळाला गंध लावलेला, उघड्या अंगाचा एक धिप्पाड माणूस. तो उलथणं तसंच हातात घेऊन बाहेर आला आणि माझ्याभोवती एक फेरी मारून म्हणाला, "एवढी जड? दात काढायला माणूस पाटावर बसला तर चालत नाही काय रे, पद्म्या?"

हे शेषगिरी अण्णा, पद्मनाभचे वडील. घराणं मूळ निपाणीकडचं. हुबळीत येऊन त्यांना अर्धा जन्म झाला होता. घरात मराठी, गिऱ्हाइकाशी कन्नड, आणि रागावले की दोन्ही एकदम, अशी त्यांची बोली. दुकानाच्या वरची माडी त्यांनी लेकाला दवाखान्यासाठी दिली होती. चार हमालांनी मला जिन्यावरून वर चढवलं तेव्हा अण्णा खालून ओरडत होते, "सावकाश, सावकाश, चामडं फाटंल!" वर आल्यावर त्यांनी माझ्या हातांना हळदकुंकू लावलं आणि घाण्यातला पहिला पेढा माझ्या बैठकीवर ठेवला.

"आता तुम्हीच पहिले बसा, अण्णा," पद्मनाभ म्हणाला.

"मी? छे छे. माझे दात माझ्यापाशी बरे आहेत." अण्णा लगबगीने जिना उतरून गेले.

असा आमचा दवाखाना सुरू झाला. खालून भाजलेल्या खव्याचा वास वर यायचा, वरून लवंगेच्या तेलाचा वास खाली जायचा, आणि जिन्यात दोन्ही एकमेकांत मिसळायचे. दाढ काढून गेलेला माणूस गालात कापूस धरून खाली उतरायचा आणि घरच्यांसाठी पेढे बांधून घ्यायचा. अण्णांना त्याची मोठी गंमत वाटे. "वर रडवतो लेक, खाली हसवतो बाप," असं ते गिऱ्हाइकांना सांगत.

मित्रांनो, माणसं माझ्यावर बसली की तोंड उघडतात, आणि तोंडात त्यांचं सगळं खाणंपिणं लिहिलेलं असतं. मंगळवारच्या बाजाराला खेड्यातून आलेले कुणबी बसत. त्यांचे दात ज्वारीच्या भाकरीने झिजलेले असायचे, कधी पान-तंबाखूने काळवंडलेले. पण कीड क्वचित. कच्चा कांदा, शेंगा, गाजर, भाकरी, असं चावून चावून खायचं आणि वर तांब्याभर पाणी प्यायचं, एवढंच त्यांना ठाऊक. शहरातल्या माणसांच्या दाढांना मात्र भोकं असत. पद्मनाभ पायाने चालवायच्या यंत्राने ती कीड कोरून काढी आणि आत पांढरं औषध भरी.

रेल्वेच्या कचेरीत वादिराज म्हणून एक कारकून होते. त्यांची एक दाढ भरून झाली की दुसरी दुखायला लागायची.

"डॉक्टर, मी गोडाला शिवत नाही," ते कुरकुरले. "तुमच्या वडिलांनाच विचारा. दिवाळीतसुद्धा पेढा घेत नाही मी."

"चहा घेता?"

"घेतो की. चहा काय गोडात धरतात?"

"साखर किती घालता?"

"विरघळेल तेवढी."

"दिवसातून किती वेळा?"

वादिराजांनी छताकडे पाहत बोटांवर मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिली. "असं मोजून नाही, डॉक्टर. कप टेबलावर असतोच. काम करता करता एकेक घोट घेतो."

"तेच तर. मुरंबा कसा करतात माहीत आहे ना? फोडी पाकात बुडवून ठेवतात. तुम्ही दातांचा मुरंबा घातलाय, वादिराज. दोन वेळा प्या, बसून प्या, संपवा आणि मोकळे व्हा. मधल्या वेळात दातांना जरा सुटका मिळू द्या."

पद्मनाभ असं सगळ्यांना समजावून सांगे. फक्त खाली जाऊन सांगणं त्याला जमत नव्हतं. कारण अण्णांची एक रीत होती. दुकानापुढे जे पोर येऊन उभं राहील त्याच्या हातावर ते बत्तासा ठेवत. पोर कुणाचं, कुठल्या जातीचं, त्याच्या बापाशी आपलं बोलणं आहे की नाही, हे ते पाहत नसत. शाळेला जाताना पोरं थांबत, येताना थांबत, आईने तेलाला पाठवलं तरी वाट वाकडी करून येत. "अण्णा, ओंदु! ओंदु!" एक द्या, एक द्या, असा गलका दिवसभर माझ्या खिडकीतून ऐकू यायचा. पुढे वर्षा-दोन वर्षांत तीच पोरं गाल धरून जिना चढायची. पद्मनाभ त्यांची तोंडं बघायचा, खिडकीकडे बघायचा आणि कामाला लागायचा.

दरम्यान त्याचं लग्न झालं होतं. बायको इंदुमती, धारवाडच्या एका मास्तरांची मुलगी. त्यांना मालती झाली. मालती चालायला लागली तशी आजोबांच्या मागेमागे दुकानात बसू लागली. ती त्यांना अज्जा म्हणायची. अण्णांना नातीचं वेड होतं, आणि तिच्यापायी भट्टीची भीतीही. पोरगी कढईजवळ येऊ नये म्हणून ते तिला मागच्या पोत्यांवर बसवून गालात खडीसाखरेचा खडा देत. खडा असेपर्यंत ती जागची हलत नसे. संपला की दुसरा. दुपारी ती तिथेच झोपून जायची, आणि अर्धा विरघळलेला खडा तिच्या गालातच असायचा.

पद्मनाभला हे माहीत नव्हतं का? थोडंफार होतं. पण गावभरच्या तोंडांत डोकावणाऱ्या त्या माणसाने घरच्या पोरीच्या तोंडात कधी नीट पाहिलं नव्हतं. एकदोनदा त्याने "आ कर बघू" म्हटलं, तर तिने दात घट्ट मिटले आणि पळाली. तोही हसला आणि राहून गेलं.

मालती पाच वर्षांची असेल. उन्हाळ्याचे दिवस होते. एक दिवस दुपारी इंदुमती तिला कडेवर घेऊन धावतच वर आली. पोरीचा डावा गाल टम्म सुजलेला. सूज जबड्याखाली गळ्याकडे उतरत होती. अंगात सणसणून ताप.

"अहो, सकाळी एवढं नव्हतं," इंदुमती म्हणाली. "हिला गिळतासुद्धा येत नाही."

पद्मनाभने तिचं तोंड कसंबसं उघडून पाहिलं. पुढचे दात काळे पडून कडा गेलेल्या. मागच्या दाढांची नुसती टरफलं राहिलेली. एका दाढेखाली पू धरला होता. अशी सूज गळ्यापर्यंत पसरून श्वास कोंडलेली माणसं त्याने मुंबईत पाहिली होती. त्यांतली सगळी घरी परत गेली नव्हती.

"बसव हिला. आत्ताच काढायला हवं."

पण मालती माझ्यावर बसेना. हातपाय झाडू लागली, "खुर्ची नको, खुर्ची नको" म्हणून तिने आकांत मांडला. तो आवाज खाली गेला आणि अण्णा वर आले. हाताला खवा, धोतराचा सोगा खोचलेला, धापा टाकत दारात उभे राहिले.

"अज्जा!" मालतीने त्यांच्याकडे हात पसरले. "अज्जा, तुम्ही बसा!"

अण्णांनी एकदा माझ्याकडे पाहिलं. हात धोतराला पुसले. मग पुढे येऊन ते माझ्यावर बसले आणि नातीला त्यांनी मांडीवर घेतलं.

"अण्णा," पद्मनाभ म्हणाला, "तिचे दोन्ही हात धरा. सुई दिली तरी पू असल्यामुळे दाढ नीट बधिर होणार नाही. ती ओरडेल. काही झालं तरी हात सोडू नका."

"कर तू," अण्णा म्हणाले.

मित्रांनो, त्यानंतरचं मी फार लांबवून सांगत नाही. ती ओरडली. तो आवाज ऐकून खाली दुकानापुढे माणसं थांबली. पद्मनाभचा हात हलला नाही, पण त्याचा सदरा पाठीला चिकटला होता. अण्णांनी डोळे मिटले नाहीत. नातीच्या तोंडातून पू आणि रक्त तस्तात पडताना त्यांनी पाहिलं, दाढ चिमट्यात येताना पाहिली. वरून ते दगडासारखे स्थिर होते. माझ्या पायरीवर टेकलेले त्यांचे पाय मात्र असे थरथरत होते की माझे स्क्रू वाजत होते.

संपलं तेव्हा मालती हुंदके देत त्यांच्या छातीवर पडली आणि हळूहळू झोपली. श्वास मोकळा चालू होता. 

मग अण्णांनी विचारलं, "हे कशानं झालं रे?"

पद्मनाभ हात धूत होता. तो वळला नाही. "खडीसाखरेनं, अण्णा. ती गालात धरून झोपल्यामुळं." आणि थोडं थांबून म्हणाला, "आणि मी पाहिलं नाही, म्हणून."

मालती वाचली. आठवडाभर तिला मिठाच्या कोमट पाण्याच्या चुळा आणि पेज. घरातली खडीसाखर अण्णांनी स्वतःच्या हाताने उचलून देवघरात ठेवली. पद्मनाभला वाटलं, आता खालची रीतही बदलेल.

दुसऱ्या दिवशी सकाळी शाळेच्या वेळेला खिडकीतून आवाज आला, "अण्णा, ओंदु!" आणि त्यापाठोपाठ अण्णांचा, "बा इल्ली, इकडे ये बाळा, घे."

पद्मनाभने खिडकी लावून घेतली. मग पुन्हा उघडली आणि वडिलांना वर बोलावलं.

"आपल्या पोरीचं बंद केलंत," तो म्हणाला, "मग लोकांच्या पोरांना दात नाहीत का?"

"त्यांना मी झोपताना गालात देतो काय? हातावर एक बत्तासा ठेवतो."

"एक इथे, एक संध्याकाळी, एक तेलाला जाताना. तीच पोरं मी वर घेतो, अण्णा. चिमटा माझ्या हातात असतो."

अण्णांचा आवाज चढला. "मी लहान असताना निपाणीच्या बाजारात एका दुकानापुढं उभा राहिलो होतो. मागितलं काही नव्हतं, नुसता बघत होतो. मालकानं कुत्र्याला हाकलतात तसं हाकललं. त्या दिवशी ठरवलं, आपलं दुकान झालं तर दारातून पोर रिकाम्या हातानं जाणार नाही. आता तू सांग. हात पसरून पोर उभं राहिलं, तर त्याच्या हातावर काय ठेवू? तुझा उपदेश ठेवू?"

पद्मनाभ बोलू नये ते बोलला. "मग मला इथे दवाखाना ठेवता येणार नाही," तो म्हणाला. "खाली पेरायचं आणि वर कापायचं, हे माझ्याच्यानं होणार नाही."

अण्णा तडक खाली गेले.

बापलेकांचं बोलणं थांबलं. पद्मनाभने बाजारापासून दूर जागा पाहिली. मला न्यायला बैलगाडी सांगितली. माझे स्क्रू ढिले करून पाठ वेगळी केली, उशा पोत्यात बांधल्या. मुंबईहून निघताना मला नव्या गावाची उत्सुकता होती. आता मात्र त्या खव्याच्या वासातून उठून जायचं माझ्या जिवावर आलं होतं.

इंदुमती शांत बाई. सासऱ्यांपुढे ती सहसा बोलत नसे. पण गाडी यायच्या आदल्या दिवशी अण्णा नातीला बघायला वर आले तेव्हा तिने विचारलं, "मामंजी, एक विचारू? घरात जेवल्यावर कुणी चूळ न भरता उठलं तर तुम्ही काय म्हणता?"

"ओरडतो. खरकट्या तोंडानं फिरायचं म्हणजे काय?"

"मग दुकानात खाल्लेलं खरकटं नसतं का?"

अण्णांनी तिच्याकडे पाहिलं.  मालतीच्या डोक्यावरून हात फिरवून निघून गेले.

सकाळी बैलगाडी दारात उभी राहिली तेव्हा दुकानाच्या पायरीशी एक मोठा नवा माठ होता. वर झाकण, झाकणावर पितळेचं फुलपात्र. अण्णा पोरांना सांगत होते, "बत्तासा खायचा, मग चूळ भरायची. त्या गटारात थुंकायची. बघू, कोण लांब उडवतो!"

पद्मनाभने खिडकीतून हे पाहिलं.  मग खाली जाऊन गाडीवाल्याला परत पाठवलं आणि वर येऊन माझे स्क्रू घट्ट करायला बसला.

आता सगळं नीट झालं असं तुम्हाला वाटेल. पण पोरं ती पोरंच. चूळ लांब उडवायची शर्यत त्यांना इतकी आवडली की पूर्वी दोनदा येणारी चारदा येऊ लागली. शेजारच्या कापड दुकानदाराची पायरी भिजली, तो भांडायला आला. पद्मनाभ कपाळाला हात लावून खाली उतरला. बापलेकांच्या त्या भांडणानंतर तो पहिल्यांदाच बापाशी बोलला.

"अण्णा, दिवसाला एक. पुन्हा आलं तर गोड नाही."

"पुन्हा आलं तर रिकामं पाठवू?"

"रिकामं कशाला? शेंगा द्या. भाजलेल्या. मूठभर."

अण्णांनी विचार केला. "शेंगा चालतात?"

"दाताला चिकटत नाहीत, चावाव्या लागतात. माझ्या कुणब्यांचे दात त्यांच्यावरच राहिलेत."

"मग असं आधी सांगायचं की रे! नको नको एवढंच सांगत आलास. काय द्यायचं ते कधी सांगितलंस काय?"

पद्मनाभ हसला. मला वाटतं, त्या दिवसापासून तो रोग्यांशीही निराळं बोलू लागला. हे खाऊ नका, असं सांगून झाल्यावर त्याऐवजी काय खा, तेही सांगायचा.

पुढे महायुद्धाचे दिवस आले. साखर रेशनवर गेली, तीही मिळेल तेव्हा. कढई दिवसचे दिवस थंड राहू लागली. बत्तासे तर दिसेनासेच झाले. अण्णा रिकाम्या दुकानात शेंगांची टोपली घेऊन बसत. वादिराज तोंड वेडंवाकडं करून बिनसाखरेचा चहा पीत, आणि त्यांची नवी दाढ काही दुखेना. त्या दिवसांत माझ्यावर बसलेल्या लहान पोरांच्या दाढा पूर्वीपेक्षा चांगल्या दिसत होत्या. पद्मनाभला ते दिसत होतं. इंदुमतीला त्याने सांगितलं, "हे अण्णांना नको सांगू. दुकान बंद पडत आलंय त्यांचं. आत्ता नको."

युद्ध संपलं. साखर थोडी थोडी हाताशी येऊ लागली. पण कढई पुन्हा चढली तेव्हा अण्णाच थकलेले होते. जन्मभर त्यांनी पाकाची तार जिभेवर घेऊन पाहिली होती, प्रत्येक घाण्याचा खवा दाताखाली धरून पाहिला होता. दिवसातून किती वेळा, त्याला गणती नव्हती. दात केव्हाच पोखरले होते. दुखलं की ते लवंग धरत आणि माडीकडे बघतही नसत. अखेर गाल सुजायला लागले, ताप यायला लागला, घास गिळवेना. तेव्हा ते वर आले आणि बोलावणं नसताना माझ्यावर बसले.

पद्मनाभने तपासलं. वरचा एकही दात राखण्यासारखा नव्हता.

"वरचे सगळे काढावे लागतील, अण्णा. मग कवळी बसवू. टाळूला लागून बसते ती."

"मग मला खवा कळणार नाही," अण्णा म्हणाले. आवाजात तक्रार नव्हती. "लोकांना वाटतं, पेढा जिभेनं करतात. चव जिभेला कळते रे, पण खव्याचा रवा, त्याचा दाणा, दाताला कळतो. पुढच्या दाताखाली धरला की दात आधीच सांगतो, उतरव आता. ते गेलं तर मी कढईपुढं बसून काय करू?"

"पण हा पू अंगात भिनतोय. असंच ठेवलं तर तुम्हीच राहणार नाही."

अण्णांनी माझ्या हातांवर आपले हात ठेवले. "काढ," म्हणाले.

एकेक करत काही आठवड्यांत सगळे निघाले. ते एकदाही ओरडले नाहीत. हिरड्या भरून आल्यावर कवळी बसली. चेहरा भरला, ताप गेला, अन्न अंगी लागू लागलं. पहिल्या घाण्याच्या दिवशी ते केळीच्या पानावर गरम खवा घेऊन वर आले आणि पद्मनाभसमोर त्यांनी तो तोंडात धरला. थोडा वेळ हलवला. मग कवळी काढून पुन्हा धरून पाहिला.

"गोड लागतोय," ते म्हणाले. "बाकी काही कळत नाही, पद्म्या." आणि त्यांनी तोंड खिडकीकडे वळवलं.

पद्मनाभ हातातला आरसा पुसत राहिला. सगळ्या दुखण्यांवर त्याच्याकडे काही ना काही होतं, यावर नव्हतं.

मालती दारात उभी होती. आता ती परकर-पोलक्यातली, वर्गात पहिली येणारी मुलगी झाली होती. दुधाचे ते काळे दात पडून नवे आले होते. जिथली दाढ काढली होती तिथली नवी दाढ जराशी तिरकी आली होती, पण सगळे दात पांढरेशुभ्र आणि भक्कम. ती पुढे आली, अज्जांच्या हातातल्या पानावरचा खवा तिने चिमटीत घेतला आणि पुढच्या दाताखाली धरला.

"कचकचतोय का?" अण्णांनी न वळताच विचारलं.

"थोडा. वाळूसारखा नाही, रव्यासारखा."

अण्णा वळले. "चिकटतोय?"

तिने डोळे मिटून पुन्हा चावला. "मधे थोडा चिकटतोय. अज्जा, हा अजून कच्चा आहे."

अण्णांनी ताडकन जिन्याकडे तोंड केलं आणि ते खालच्या भट्टीवरच्या गड्याला ओरडले, "जाळ विझवू नको रे! कढई राहू दे वर!" मग त्यांनी नातीकडे असं पाहिलं, जणू त्या पोरीला ते पहिल्यांदाच बघत होते.

मालती तोवर तस्तापाशी जाऊन चूळ भरत होती. तिला कुणी सांगितलं नव्हतं.

मित्रांनो, पेढ्यांच्या वासात माझं आयुष्य गेलंय. गोड खाऊ नका, असं मी कशाला सांगू? सणाला खा, जेवणासोबत खा, पोटभर खा. पण दिवसभर गालात काही ना काही धरून ठेवू नका, घोट घोट करून तोंड गोड ठेवू नका, आणि खाल्ल्यावर पाण्याला विसरू नका. दुखायची वाट पाहू नका. मी आता भिंतीशी उभी आहे, माझ्या जागी आलेली नवी खुर्ची माझ्यापेक्षा मऊ आहे म्हणतात. तरी तिच्यावर कमीत कमी वेळ बसायला लागावं, हीच माझी तुमच्यासाठी इच्छा.

खाली अजून घाणे चढतात. प्रत्येक घाण्याला अण्णा हाक मारतात, मालती पुस्तक पालथं ठेवून जाते, चिमूटभर खवा चावून सांगते. परवा जिन्यात अण्णा तिला म्हणत होते, "नीट सांभाळ गं बाई ते दात. आता ते तुझ्या एकटीचे नाहीत."